ओहोटीपर्यंतची मुदत

१

आम्ही भाट्याच्या खाडीवर पोचलो तेव्हा नांगरवाडीची सगळी माणसं पाण्याकडे बघत उभी होती आणि कायतान उंडीच्या झाडाला बांधलेला होता.

खाडीच्या तोंडाशी एक अरुंद फाटा आत वळतो. त्या फाट्याच्या तोंडावर कोणीतरी खुंट ठोकून आडवं जाळं उभं केलं होतं. भरती आत येऊ द्यायची आणि मग दोरी ओढून जाळं वर घ्यायचं, म्हणजे आलेला मासा आतच अडकतो. अडकला होताच. जाळ्यामागचं पाणी तारलीने नुसतं खदखदत होतं. पाच वर्षांत नांगरवाडीने एवढी तारली पाहिली नव्हती आणि प्रत्येक तारलीचं पोट गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, फुगलेलं होतं.

नारळी पौर्णिमा अजून आठवड्यावर होती. तोवर समुद्रात जाळं टाकायचं नाही, असा करार होता. त्या कराराची कलमं मी लिहिली होती, म्हणून तर आप्पांनी मला अंथरुणातून उठवून इथवर ओढत आणलं होतं.

वाटेत वाळूवर एक नारळ पडलेला दिसला. मी रत्नागिरीच्या कोर्टातला वकील असलो तरी फुकटचा नारळ सोडण्याइतका मोठा वकील नाही. तो उचलून मी छत्रीबरोबर काखेत मारला.

"बरा झाला आलात," वाडीचा गावकर धाकू म्हणाला. "ह्या गोयकाराचा काय तो निकाल लावा. नायतर आमी लावतंव."

कायतानने मान वर केली. त्याचा ओठ फुटला होता.

"हांव चोर न्हय, आप्पा," तो एवढंच म्हणाला.

जाळं मात्र त्याचंच होतं.

२

हा करार काय होता ते इथेच सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

१९२९पासून तारली आटली. रत्नागिरीवाले म्हणत, गोव्याचे लोक बारीक जाळ्यांनी गाभोळीचा मासा मारतात. गोव्याचे म्हणत, रत्नागिरीवाले मारतात. दोघंही खरं बोलत होते. इंग्रज सरकारने पोर्तुगीज सरकारला लिहिलं, पोर्तुगीज सरकारने इंग्रज सरकारला लिहिलं आणि दोन्हीकडच्या साहेबांनी एकमेकांना मोठ्या अदबीने काहीच कळवलं नाही. तारलीला तर तेरेखोलपाशी एक राज्य संपून दुसरं सुरू होतं याची खबरही नव्हती.

शेवटी आप्पा डोर्लेकर उठले. बंदरखात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा माणूस. चोरटा माल कुठल्या गलबतात आहे हे गलबताच्या चालीवरून ओळखायचा. ते मला घेऊन गोव्यातल्या शापोऱ्याला गेले आणि दोन गावांचं जमवून आणलं. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत दोघांनीही जाळं टाकायचं नाही. पण परक्या राज्यातल्या माणसाला जबाबदार कोण धरणार? कुठलं कोर्ट? तेव्हा ठरलं की दोन्ही गावांनी एकेक माणूस जामीन ठेवायचा. शापोऱ्याचा कायतान इथे येऊन काशीरामच्या घरात राहिला. काशीरामचा मुलगा हरिश्चंद्र तिथे कायतानच्या आईकडे राहिला. पौर्णिमेला दोघं आपापल्या घरी परत.

शेवटचं कलम माझं. ज्या गावाचा माणूस करार मोडील, त्या गावाचा जामीन आणखी एक वर्ष परक्या गावीच राहील. फार अचूक कलम म्हणून दोन्ही गावांनी माझी पाठ थोपटली होती.

आता वाडीचं म्हणणं सरळ होतं. कायतानने करार मोडला, म्हणजे गोव्याने मोडला, म्हणजे करार संपला आणि फाट्यातला मासा वाडीचा. उपाशी माणसाला याहून सोयीचा न्याय कुठला मिळणार? त्यांचे हात कायतानवर शिवशिवत होते, पण डोळे सगळे पाण्याकडे होते.

गर्दीतून एक बाई आली आणि तिने आप्पांचे पाय धरले. काशीरामची बायको येसूबाई.

"ह्याच्या जिवाला काय झाला तं माझ्या हरीला ते जित्ता ठेवतील काय?" ती म्हणाली. "आप्पा, ह्याला वाचवा. माझा पोर तिकडं हाय."

आप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि घोट्याइतक्या पाण्यात जाऊन उभे राहिले. विचार करायचा असला की ते असेच उभे राहतात. मग वळून म्हणाले, "धाकू, जाळ्याला हात लावायचा नाही आणि कायतानलाही. मला ओहोटीपर्यंतची मुदत दे."

धाकूने पाण्याकडे पाहिलं. भरती पहाटेच वळली होती.

"दिली," तो म्हणाला. "ओहोटी सरली की फाटा कोरडा पडंल आनि मासा मरंल. मंग मेलेला मासा आमी खानार आनि ह्याला आमी बघनार."

३

पहिल्यांदा आप्पांनी कायतानला विचारलं.

त्याचं जाळं किनाऱ्यावरच्या मांडवात टांगलेलं असायचं. वाडीतली बाकीची सगळी जाळी करारापासून देवळाच्या सभामंडपात कुलपात होती. कायतान परका जामीन, त्याचं जाळं त्याने दुरुस्तीला बाहेर ठेवलं होतं. मांडवात दिवसभर कोणीही येऊन बसायचं.

"पहाटे तू कुठे होतास?"

"काशीरामकाकाच्या पडवीत. झोपलो होतो."

गर्दीत कोणीतरी हसलं. काशीराम पुढे आला. साठीचा, वाळून कोळ झालेला माणूस.

"झोपला व्हता," तो म्हणाला. "मी सोता बघितला. उजाडायच्या आधी बघितला."

"तू तं असाच सांगनार," धाकू म्हणाला. "तुझा पोर तिकडं अडकलाय."

काशीराम मागे सरला. खरं होतं ते. अशा साक्षीदाराला मी कोर्टात उभासुद्धा केला नसता.

दुसरा संशय माझ्या मनात आधीपासून होता. राजापूरचे बाबूशेठ वाडीच्या टोकाला तारली उकळून तेल काढत. पाच वर्षं त्यांच्या कढया थंड होत्या. गेल्याच आठवड्यात त्यांनी रिकामी पिंपं आणवली होती. मासाच नाही तर पिंपं कशाला? आम्ही गेलो तेव्हा बाबूशेठ शर्टाच्या बाह्या सरसावून कढईशेजारीच बसले होते.

"पौर्णिमेनंतरची तयारी," बाबूशेठ म्हणाले. "वकीलसाहेब, असं बघू नका माझ्याकडे. हे मी केलं असतं तर वीस गडी लावले असते. तुम्ही दात घासायच्या आत मासा कढईत आणि जाळं जागेवर. हे बघा काय केलंय! एवढा मासा अडकवला आणि तिथेच सोडून पळाला. असं अर्धवट काम बाबूशेठ करत नाही."

मला राग आला, कारण बोलणं पटलं. आप्पा नुसते "हूं" म्हणाले आणि परत निघाले.

पाणी एव्हाना वीतभर उतरलं होतं.

४

देवळाच्या पायरीवर धाकू भेटला. आप्पांनी त्याला आडपडदा न ठेवता विचारलं, "परवा तू देवळात बोललास की करार गेला खड्ड्यात. खरं?"

"खरा."

"मग जाळं तू लावलंस?"

धाकूने आप्पांकडे असं पाहिलं की मी मान फिरवली.

"परवा माझी नात गेली," तो म्हणाला. "ताप नाय, काय नाय. हातावर उचलली तं वजनच लागंना. त्या दिवशी मी बोललो. जाळा लावायचा असता तं मी दिवसा लावला असता, सगल्यांच्या समोर. देवलाची किल्ली माझ्याकडं हाय, आप्पा. परक्याचा जाळा चोरायला मी कशाला जाऊ?"

आम्ही दोघंही पायऱ्या उतरलो.

आप्पा काशीरामच्या घराकडे वळले. मला तिथे काही हाती लागेल असं वाटत नव्हतं. येसूबाईने घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि गुळाचा खडा नाही म्हणून तीनदा माफी मागितली. दाराआड तिची सून उभी होती. हरिश्चंद्राची बायको, मालन. दिवस भरत आलेले. पोट तेवढं पुढे आलेलं आणि बाकी अंगात नुसती हाडं.

"कायतान माझ्या पोरासारका ऱ्हायला," येसूबाई म्हणाली. "आमी पेज घेतली तं त्यानं पेज घेतली. आमी उपाशी तं तो बी उपाशी. आज अष्टमी, आज मालनीची ओटी भरायची व्हती. भाऊ म्हनून तोच बसनार व्हता तिच्या शेजारी. आनि आता बघा."

"मग ओटी राहिली?" आप्पांनी विचारलं.

"ऱ्हायली म्हंजे काय, नशीबच खोटा. फळीवर नारळ ठेवला व्हता. ह्यांनी बागायतदाराच्या हितं दिवसभर राबून आनलेला. आमच्या वाडीत माड कुनाचे, सगले परक्याचे. सकाली हात घालतंय तं नारळ नाय. उंदरांनी नेला म्हनायचा."

मला या ओटीभरणात काडीचा रस नव्हता. बाहेर ओहोटी चालली होती आणि आप्पा बायकांशी नारळाच्या गोष्टी करत बसले होते! मी घड्याळ काढून त्यांच्यासमोर धरलं.

आप्पांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या काखेकडे बघत होते.

"तो नारळ कुठे मिळाला तुला?"

"वाळूवर. वाहून आला असेल. पावसाळ्यात खाडीतून शेकड्याने नारळ वाहतात."

"वाहतात," आप्पा म्हणाले. "बघू."

त्यांनी तो उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

५

पाण्याकडे परत जाताना आप्पा फार हळू चालत होते. मी त्यांना घाई करत होतो आणि ते मला दाद देत नव्हते.

"माडावरून पडलेला नारळ वाहून येतो तेव्हा कसा असतो?" त्यांनी विचारलं.

"असोला. सालासकट."

"आणि हा?"

मी पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या. नारळ सोललेला होता. वर शेंडी राखलेली होती आणि शेंडीच्या मुळाशी ओली हळद अडकलेली होती. दीड तास हा पुरावा मी स्वतःच्या काखेत घेऊन फिरत होतो.

"हा पाण्याला वाहिलेला नारळ," आप्पा म्हणाले. "आजच्या भरतीला वाहिलेला, नाहीतर हळद धुऊन गेली असती. आता विचार कर. आमच्या खारव्यांचा नियम काय? नारळ दिल्याशिवाय हंगामाचं पहिलं जाळं पाण्यात जात नाही. पौर्णिमेच्या आधी, करार मोडून, दुसऱ्याचं जाळं चोरून जो माणूस हे करतो, त्याची छाती किती धडधडत असेल! माणसांना फसवता येतं, दर्याला कसं फसवणार? त्याची माफी मागितल्यावाचून त्याचा हात उठलाच नाही."

"म्हणजे कायतान सुटला," मी म्हणालो. "तो किरिस्ताव. तो मेणबत्ती लावील, हळद लावून नारळ नाही वाहायचा."

"कायतान सुटला. बाबूशेठ दर्यावर पाय ठेवत नाही. त्याला मासा म्हणजे तेल. शिवाय त्याने सांगितलं ते बरोबरच आहे, वीस माणसं असती तर मासा असा टाकून कोणी गेलं नसतं. हे एकट्याचं काम. अष्टमीची भांगाची भरती, पाण्याला जोर नसतो, म्हणून एकटा माणूस दोरी ओढून जाळं उभं करू शकला. पण मासा एवढा आला की तेच जाळं परत खाली पाडायला त्याची ताकद पुरेना. म्हणजे म्हातारा माणूस."

"धाकूही म्हाताराच आहे."

"धाकूकडे सगळ्या जाळ्यांची किल्ली आहे. आणि त्याच्या घरातला नारळ नाहीसा झालेला नाही."

मी जागच्या जागी थांबलो. उंदराने घराच्या फळीवरून अख्खा नारळ नेला, हे मी चांगला शिकलासवरलेला माणूस ऐकून घेतो आणि घड्याळ बघत बसतो!

"आप्पा," मी म्हणालो, "बोलू नका हे. कलम आठवतंय ना तुम्हाला? आपल्या गावाने मोडला असं ठरलं तर हरिश्चंद्र वर्षभर परत येत नाही. त्याची बायको आज-उद्या बाळंत होईल. कायतानला आपण काहीतरी सबब सांगून सोडवू. जाळं वाऱ्याने सुटून वाहत गेलं म्हणू."

"खुंट कोणी ठोकले? वाऱ्याने?"

फाट्यापाशी गर्दी आता पाण्याच्या कडेला सरकली होती. टोपल्या आल्या होत्या. पाणी ढोपराच्या खाली उतरलं होतं आणि तारल्या एकमेकींच्या अंगावरून उसळत होत्या. दोन गडी कायतानच्या दोऱ्या तपासत होते.

आप्पांनी कोणाकडेच पाहिलं नाही. ते सरळ काशीरामसमोर जाऊन उभे राहिले आणि तो नारळ त्याच्या हातावर ठेवला.

६

काशीरामने नारळ बघितला आणि खाली बसला.

"परत दिलान," तो म्हणाला. "घेतला नाय दर्यानं."

"काशीराम, सांगणार आहेस की मी सांगू?"

"मीच सांगतंय." तो धाकूकडे वळला. "सोड त्या पोराला. जाळा मी लावला."

येसूबाईच्या तोंडातून एक बारीक आवाज आला.

"चार मासे पायजे व्हते," काशीराम सांगत होता. "सुनेला चार दिस पेज बी मिलाली नाय. तिच्या पोटातला हलत नाय म्हनून ती काल रडत व्हती, मी भितीआडून ऐकला. हरीला मी काय तोंड दाखवू? चार मासे घेईन आनि जाळा खाली पाडीन असा ठरवला. नारळ दिला. पाया पडलो. आनि बघतंय तं..." त्याने फाट्याकडे हात केला. "पाच वरसांत नाय आली ती सगली आली. मी जाळा पाडायला गेलो तं पडंना. खूप ओढला. मंग उजाडला, लोकं आली, ह्याला बांधला आनि माझी जीभच उचलंना. बोललो तं हरी अडकतो. गप ऱ्हायलो तं हा मरतो, आनि मंग हरी बी मरतो."

धाकूने स्वतः जाऊन कायतानच्या दोऱ्या सोडल्या. कायतान मनगटं चोळत काशीरामपाशी आला. मला वाटलं मारणार. तो त्याच्या शेजारी वाळूत बसला.

"मी आमच्या गावात सांगणार नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आप्पा, वकीलसाहेब, तुम्ही पण नका सांगू. हरिश्चंद्र पौर्णिमेला येऊ दे."

माझं तर ठरलेलंच होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात गर्दीतून एकजण ओरडला, "मंग मासा आमचा! गोयकारच नाय सांगत म्हनतोय!" आणि टोपल्या पुढे सरकल्या. त्या टोपल्यांपुढे काशीराम उठून उभा राहिला.

"नाय!" तो म्हणाला. "बघा डोले उघडून. ही तारली का आली? आपन दोन महिने हात आवरला, त्यांनी आवरला, म्हनून आली. आज ही खाल्लीत तं पुढच्या साली तुमची पोरं काय खातील? धाकू, तुझी नात ज्या करारापायी गेली, ता मी आज मोडला. आता तरी राखा." मग तो माझ्याकडे वळला. "वकीलसाहेब, ता शेवटचा कलम वाचा. सगल्यांच्या समोर वाचा."

आयुष्यात मी पुष्कळ कागद वाचले. हे कलम वाचायला कागद लागला नाही, ते मला पाठ होतं. तरी शेवटचे शब्द आप्पांनाच पुरे करावे लागले. नांगरवाडीने करार मोडला. नांगरवाडीचा जामीन आणखी एक वर्ष शापोऱ्याला राहील.

मी मालनकडे बघायचं टाळत होतो. ती कधी आली कोणाला कळलं नाही. एका हाताने पोट सावरत ती फाट्याच्या पाण्यात उतरली आणि जाळ्याच्या वरच्या दोरीला हात घातला.

"मालनी, तू नको!" येसूबाई ओरडली.

"त्यांच्या बी पोटात हाय," मालन म्हणाली.

तिच्याने दोरी हलली नाही. मग कायतान पाण्यात गेला, मग काशीराम, मग धाकू आणि शेवटी टोपल्या टाकून सगळी वाडीच. उपाशी माणसांनी मिळून जाळं खाली पाडलं. तारली उरलेल्या पाण्यातून मोठ्या खाडीकडे निघाली आणि बघता बघता फाटा रिकामा झाला. कोणी आनंदाने ओरडलं नाही. एक बाई रिकामी टोपली डोक्यावर घेऊन तिथेच हुंदके देत उभी होती. मागे चिखलात मेलेल्या मूठभर तारल्या राहिल्या. कायतानने त्यातल्या चार वेचल्या आणि आप्पांकडे पाहिलं. मेलेल्या माशाबद्दल वकीलसाहेबांनी काही लिहिलेलं नाही, असं आप्पा म्हणाले, आणि ते खरं होतं. कायतानने त्या येसूबाईच्या पदरात घातल्या.

"पौर्णिमेला मी पण जाणार नाही," तो म्हणाला. "हरिश्चंद्र माझ्या घरात आहे तोवर मी त्याच्या घरात. माझ्या आईला कळवा."

येसूबाईने काशीरामच्या हातातून नारळ घेतला. "त्यानं परत दिला तो हिच्यासाठीच दिला," ती म्हणाली आणि तिथेच ओल्या वाळूत सुनेला बसवून तिने तिची ओटी भरली. शेजारी भाऊ म्हणून कायतान बसला, फुटलेल्या ओठाने.

आम्ही निघालो तेव्हा मालनने मला हाक मारली. नारळ पदरात धरून ती माझ्याकडे बघत होती.

"वकीलदादा, एक साल म्हंजे तवर पोर चालायला लागंल ना? ह्यांना बघून लपनार नाय ना?"

कोर्टात मी तास तास बोलतो. इथे मी छत्री उघडली आणि परत मिटली. आप्पांनी माझा दंड धरला आणि आम्ही वाळूतून चालायला लागलो.